फेब्रुवारीच्या क्रोकससाठी कंद आत्ताच लावा : खरेदी, लागवड आणि ओळख

ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींना क्रोकस या कंदापासून येणाऱ्या बुटक्या फुलझाडाची आठवण होते ती फेब्रुवारीत, शेजारच्या हिरवळीवर जांभळी-पिवळी फुलं उघडली की. तेव्हा बाजारात मिळतात ती कुंडीत वाढवलेली, फुलावर आलेली रोपं, आणि तीही चढ्या भावात. कंद लावण्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर. नोव्हेंबरातही चालून जातं, पण माती गोठण्याआधी मुळं सुटायला हवीत. जिथे लवकर बर्फ पडतो तिथे सप्टेंबर सोडू नका.

खरेदीला जाल तेव्हा एक गोष्ट आधी नक्की करा. क्रोकस म्हणून तीन वेगवेगळ्या वनस्पतींचे कंद एकाच मांडणीवर ठेवलेले असतात. पहिले आपले वसंतात फुलणारे क्रोकस. दुसरा केसराचा क्रोकस, म्हणजे क्रोकस सॅटायव्हस. काश्मिरात पांपोरच्या पठारावर होतो तोच. तो शरद ऋतूत, साधारण कोजागरीच्या आसपास फुलतो, आणि त्याचे कंद ऑगस्ट-सप्टेंबरातच मातीत जायला हवेत. तिसरा ‘ऑटम क्रोकस’ या नावाने विकला जाणारा कोल्चिकम. हा क्रोकसच नव्हे. याचं कुळ वेगळं आणि झाड सर्वांगी विषारी. कंद मात्र चांगला थोराड असतो, क्रोकसच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे हातात घेताच फरक कळतो. लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असलेल्या घरी कोल्चिकम आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रोकसचा कंद सुपारीएवढा. दाबून पाहा, टणक लागला पाहिजे. हाताला मऊ लागणारा किंवा बुडाशी काळा पडलेला बाजूला काढा. पाकिटावर ५/७, ९/१० असे आकडे असतात, ते कंदाच्या घेराचे सेंटिमीटर. मोठ्या फुलांच्या डच जातींना ९/१० घ्या. रानटी जातींचे कंद मुळात लहानच असतात, तिथे ५/७ पुरतात, मोठ्याचा हट्ट नको.

कंदावरचं साल नीट पाहिलं तर जातीचा अंदाज सप्टेंबरातच येतो, आणि पाकिटावरचं चित्र किती खरं तेही कळतं. क्रोकस क्रिसॅन्थसचं साल कडक असतं आणि बुडाशी गोल कड्या सुटल्यासारखं फाटतं. सीबेरीचं साल जाड दोऱ्यांच्या जाळीचं. टोमासिनिॲनसवर बारीक, उभे, एकमेकांना समांतर तंतू. साल सोलू नका. ते कंदाचं पांघरूण आहे, आणि ओळखीची खूणही तीच.

जातींत पहिली पसंती टोमासिनिॲनसला द्या. ट्रिएस्टचे वनस्पतिशास्त्रज्ञ मुत्सियो टोमासिनी यांच्या नावाची ही बाल्कनकडची जात. फिकट जांभळी, बाहेरून चंदेरी झाक. सगळ्यांत आधी फुलते, बियांनी आपोआप पसरते, आणि खारी तिच्या वाटेला त्यामानाने कमी जातात. हिचाच ‘रुबी जायंट’ गडद आणि देखणा, पण बी धरत नाही, म्हणून पसरायला हवा असेल तर साधी जात घ्या. क्रिसॅन्थसपैकी ‘क्रीम ब्यूटी’ आणि ‘ब्लू पर्ल’ भरवशाचे. सीबेरीचा ‘ट्रायकलर’ कुंडीत, डोळ्यांसमोर ठेवावा असा : जांभळा, मग पांढरा पट्टा, आत पिवळा घसा. मार्चमधली मोठी फुलं हवीत तर व्हर्नसच्या जाती, ‘पिकविक’ पट्ट्यापट्ट्यांचा, ‘जान दार्क’ पांढरा. पिवळ्या डच क्रोकसची फुलं चिमण्या चोचीने फाडतात, ही तक्रार जुनी आहे, त्यावर खात्रीचा उपाय नाही.

जागा उन्हाची. पानगळ होणाऱ्या झाडाखाली लावले तरी चालतं, फेब्रुवारीत तिथे ऊन पोचतंच. निचरा हवाच. लंडनकडच्या चिकणमातीत खड्ड्याच्या तळाशी भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. ताजं शेणखत मुळीच नको, कंद सडतो. खोली सात ते दहा सेंटिमीटर, दोन कंदांत तेवढंच अंतर, टोक वर. चुकून उलटा पडला तरी घाबरू नका, कोंब वळून वर येतो. हिरवळीत लावायचे तर मूठभर कंद सहज भिरकावा आणि जिथे पडले तिथेच लावा, ओळी आखल्या की फुलं कवायतीला उभी केल्यासारखी दिसतात. कुंडीला निचऱ्याची माती आणि उघडी जागा द्या, घरातल्या उबेत ठेवू नका. या कंदांना फुलण्यासाठी बारा-पंधरा आठवड्यांची थंडी लागते. उरलेले कंद ठेवायचे तर सफरचंदांपासून दूर ठेवा. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

खारी आणि उंदीर हा खरा उपद्रव. ताजी उकरलेली माती दिसली की खार तिथे खणतेच. लागवड झाली की माती दाबून सपाट करा, वर पडलेली सालं उचला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी पसरून कडा मातीत गाडा. पात वर आली की जाळी काढा. तिखट टाकून भागत नाही, पहिल्या पावसात ते धुऊन जातं.

आता फेब्रुवारीतली ओळख. ढगाळ हवेत क्रोकस मिटलेला असतो, त्यावरून काहीच ठरवू नका. एक कळी खुडून उबदार खोलीत पाण्यात ठेवा, काही मिनिटांत उघडते. आत पाहा : तीन पुंकेसर म्हणजे क्रोकस, सहा म्हणजे दुसरंच काही, आणि फूल शरदातलं असेल तर बहुधा कोल्चिकम. आपल्याला देठ वाटतो तो देठ नव्हे, फुलाचीच लांब नळी असते. बीजकोश जमिनीखाली असतो. जांभळं फूल असेल तर या नळीचा रंग बघा. टोमासिनिॲनसची पांढरी, जांभळ्या व्हर्नसची जांभळी. या दोघांत घोळ होतो तेव्हा ही खूण सर्वांत उपयोगी पडते. पान गवतासारखं बारीक आणि मधोमध पांढरी रेघ, ही खूण फूल गेल्यावरही टिकते.

व्हर्नस आणि टोमासिनिॲनसच्या फुलात मध्ये नारिंगी तुरा दिसतो. तो केसर समजून श्रीखंडासाठी खुडू नका. त्याला ना वास ना चव. केसर मिळतं ते फक्त सॅटायव्हसच्या लांब, तांबड्याजर्द, तीन तंतूंपासून. फूल वसंतात आलं असेल तर ते केसर नाही, इतकं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

याहून गंभीर धोका एप्रिलचा. कोल्चिकम शरदात बिनपानांचं फुलतं आणि त्याची रुंद, चकचकीत पानं वसंतात वर येतात. त्याच दिवसांत युरोपात लोक रानलसणाचा पाला तोडायला बाहेर पडतात, आणि या दोन पानांच्या घोळातून जिवावर बेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कोल्चिकममधल्या कोल्चिसिन या विषावर नेमका उतारा नाही. पान चुरडून लसणाचा वास आला तरच तोडा, आणि एकदा बोटांना वास लागला की पुढच्या पानांची परीक्षा वासावर सोडू नका, पान न पान नजरेने तपासा.

फूल ओसरलं की पानं कापू नका, गुंडाळून गाठीही मारू नका. जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद याच पानांच्या जोरावर भरतो. हिरवळीवर यंत्र फिरवायला पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण मे अखेरपर्यंत थांबा. याच सुमारास बीजकोश मातीतून वर डोकावतो. टोमासिनिॲनसचा तसाच राहू द्या, बी सांडू द्या. त्या बियांची रोपं फुलायला तीन वर्षं किंवा अधिक लागतात, तोवर ती गवत समजून उपटली जाऊ नयेत. गर्दी होऊन फुलं कमी आली तर पानं पिवळी पडताना कंद काढा, सुटे करा, लगेच पुन्हा लावा. खत द्यायचंच तर पोटॅशचं, नत्र नको.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी यासाठी खर्च करू नये. फ्रिजमध्ये थंडी देऊन पुण्यात एखादा कंद एकदा फुलवता येईल, पण पुढच्या वर्षीसाठी तो भरत नाही. तसंच रूप हवं असेल तर रेन लिली लावा, पहिल्या पावसात ती जोमाने फुलते. आणि परदेशातून सामानात कंद घालून आणू नका. आपल्याकडच्या वनस्पती विलग्नवास (प्लांट क्वारंटाइन) नियमांनुसार आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय लागवडीचे कंद आत आणता येत नाहीत.