स्वस्त बेस गिटार: पैसे कुठे घालायचे, कुठे थांबायचं

बेस वाजवायला नुकतीच सुरुवात केलेली मुलं भेटली की हटकून विचारतात, "दादा, पिकअप कुठले टाकू?" (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारा चुंबकाचा भाग.) बेस असतो पंधरा-वीस हजारांचा, तारा दुकानातून आल्या तशाच आणि अ‍ॅक्शन (तारांची दांड्यापासूनची उंची) इतकी उंच की बोटं सोलून निघावीत. मुंबईत ऑर्केस्ट्रा, हळदी, गणपतीतले कार्यक्रम असं मिळेल ते मी वाजवत आलोय, आणि बहुतेक सगळं स्वस्त बेसवरच. माझा क्रम ठरलेला आहे: आधी तारा, मग सेटअप (दांडा आणि तारा नीट जुळवून घेणं), मग ज्यातून ऐकता तो अ‍ॅम्प. पिकअप सगळ्यात शेवटी.

खरेदीपासून सुरुवात करू. धोबीतलावला फुर्ताडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे. तिथे किंवा उपनगरातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, पण शनिवार-रविवारी नको. गर्दीत कोणी तुम्हाला निवांत वाजवू देत नाही. यामाहाचा टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर मालिका, कॉर्टचा अ‍ॅक्शन (हे मॉडेलचं नाव), स्क्वायरचे सुरुवातीचे बेस, यांतला कुठलाही घेतलात तरी काही बिघडत नाही. नावापेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही मागून घ्या. फरक कळतो.

आधी केबल न लावता वाजवा. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी). सूर कुठे मरतो, कुठे तार झणझणते ते कान देऊन ऐका. नेक, म्हणजे दांडा, डोळ्याच्या रेषेत धरून पिळलेली नाही ना ते बघा. किंचित वाक चालतो, तो ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळीने) निघतो. पीळ निघत नाही. फ्रेटच्या कडा तळहाताला बोचत असतील तर दुसरा नग मागा. मग पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडा. नेक खाली कोसळत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात वाजवण्याऐवजी नेक उचलण्यातच दमेल. वजनही बघा, कारण हाच बेस पाठीला लावून संध्याकाळच्या लोकलमध्ये तुम्हालाच चढायचंय. हात लहान असतील तर ३४ इंची स्केलचा (तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) हट्ट नको. ३० इंची बेस मिळतात, आयबानेझचा मायक्रो तर २८.६ इंचांचा आहे.

पिकअपबद्दल घेतानाच एवढं ठरवा. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा. त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये आला आणि त्याच्या रचनेतच विजेची गुणगुण मारली जाते. जॅझ बेस १९६० चा, त्यात दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे पिकअप). दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे उघडे ठेवले तर गुणगुण जाते, एकच ठेवला की परत येते. मांडवातल्या एलईडी लाइटांशेजारी हे फार जाणवतं. स्वस्त बेसमध्ये पी-जे जोडी (प्रिसिजन आणि जॅझचा एकेक पिकअप) बरीच दिसते, आणि नवख्याला मी तीच सुचवतो: पी वर वाजवायचं, जे चवीपुरता. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) घेतलात तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. आत केबल असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी चालूच राहते.

दुकानातला छोटा अ‍ॅम्प मात्र फसवतो. बेसची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर कंप पावते. एवढा खालचा सूर लहान स्पीकर नीट काढूच शकत नाही. तुम्ही ऐकता ते त्याच्या वरचे, ८२ आणि १२३ हर्ट्झचे स्वर. म्हणून "आवाज पातळ आहे" हा निकाल बेसवर देण्याआधी तो मोठ्या बेस अ‍ॅम्पवर ऐका. घरी सरावाला बरे हेडफोन आणि हेडफोन अ‍ॅम्प पुरतात. चाळीत किंवा सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांशीही बरं राहतं. गिटारच्या लहान अ‍ॅम्पमधून बेस जोरात वाजवू नका, स्पीकर फाटतो.

आता तारा. मुंबईच्या दमट हवेत आणि घामात त्या लवकर मरतात. एकदा साऊंडवाल्याने ऐकवलं होतं, "आवाज येतोय, सूर येत नाही." नवा सेट चढवला आणि त्याच बेसमधून सूर ऐकू आला. ०.०४५ ते ०.१०० किंवा ०.१०५ इंच जाडीचा निकल राऊंडवाउंड (गोल तार गुंडाळलेला) सेट साधारण दोन हजारांच्या घरात येतो, आणि याहून मोठा फरक इतक्या पैशांत दुसरं काही पाडत नाही. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसा, खालच्या बाजूनेही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सेटअप स्वतः शिकाच. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटवर साधारण ०.३ मिमी फट दिसायला हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने जरासा आवळा, पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही, आणि नेकला स्थिरावू द्या. जोर लागत असेल तर थांबा, कारागिराकडे न्या. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची २ ते २.५ मिमी. मग बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता, हलकेच स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला वर जात असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या. पावसाळा लागला की नेक हलते, आणि पाऊस गेला की पुन्हा. पिकअपची उंचीही स्क्रूने बदलते. फार जवळ आणलात तर चुंबक तार ओढतं आणि सूर डळमळतो.

एवढं करूनही आवाज आवडला नाही, तर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठा. सोल्डरिंग गन, कॉपर टेप, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (टोनच्या नॉबसाठी) हे सगळं तिथे फिरता फिरता मिळतं. आतली पोकळी कॉपर टेपने मढवून टेप ग्राउंडला जोडलीत तर सिंगल कॉइलची खरखर बरीच कमी होते. २५० के चे मोठे पॉट (नॉबखालचे व्हॉल्यूम-टोनचे भाग) बसवताना मात्र स्वस्त बेसची भोकं लहान पडतात, ती रुंद करावी लागतात. जॅक (केबल लावायची जागा) खडखडत असेल तर आधी तो बदला. पिकअप त्यानंतर, आणि तेही नेक मनापासून आवडली असेल तरच. जड ब्रिजवर पैसे घालणारेही भेटतात. मला त्यात कधी काही ऐकू आलेलं नाही.

काढलेले मूळ पिकअप, पॉट आणि स्क्रू एका पिशवीत नीट ठेवा. जुना बेस विकताना घेणारा वाढीव पार्टचे पैसे देत नाही. मूळ माल परत बसवून द्यायचा आणि चांगले पिकअप पुढच्या बेसला काढून घ्यायचे.