पीसी अचानक बंद पडतो? एसएमपीएसच्या बाबतीत या चुका टाळा

साधं टायपिंग करताना पीसी तासन्‌तास नीट चालतो, पण गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू केलं की दाणकन रीस्टार्ट होतो. अशा वेळी बहुतेक जण आधी विंडोज फॉरमॅट मारतात, मग रॅम बदलतात. खर्च होतो आणि दुखणं तसंच राहतं. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद फक्त एवढंच सांगते, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. पण लोड आल्यावरच आणि निळी स्क्रीन न येता असं होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबणं. '४५० वॅट' असं ठळक छापलेलं असतं, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड चालतं ते मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर. स्टिकरवरच्या तक्त्यात तिथे १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅटच मिळतात. आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅट घेतं. त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर धरला की झाले २३५, आणि टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, प्रोसेसर ६५ हून जास्त ओढतो. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटची शिफारस करते ती उगाच नाही.

मदरबोर्डला जाणाऱ्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगला, असं धरू नका. लोडवर मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, एसएमपीएसच्या रिकाम्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरमध्ये काळा प्रोब काळ्या वायरच्या पिनला आणि लाल प्रोब पिवळ्याला लावा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. गेम चालू असताना रीडिंग ११.४ ते १२.६ च्या आत हवं. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. गेम सुरू होताच पिवळ्यावरचा आकडा ११.४ च्या खाली घसरला, तर एसएमपीएस बदलाच.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पीसी आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नकोत. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं आणि कमकुवत एसएमपीएस तेवढ्यानेही बंद पडतो. यंत्रमागाजवळच्या घरांत सुताचे तंतू पंख्याच्या जाळीवर थर धरतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) लवकर फुगतात. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

यूपीएसही तपासा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. तो बाजूला काढून पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून बघा.

नवीन एसएमपीएस घेताना एकूण लोडच्या वर निदान ३० टक्के वाव ठेवा. ग्राफिक्स कार्डाला मोलेक्सवरून अडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नका. पिना तापून प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नका. कनेक्टर बसला तरी पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क क्षणात जळते.