नगरसेवकाचे उमेदवार ओळखीचे नाहीत, मग मत कोणाला द्यायचं?

मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, पुणे-ठाण्यासारखी चार-चार मतं द्यायची भानगड नाही. तरी जानेवारी २०२६ च्या पालिका निवडणुकीत कितीतरी जणांना उमेदवारांची नावं मशीनसमोर उभं राहिल्यावर कळली. आणि कळणार तरी कशी, २०१७ नंतर थेट तेव्हाच निवडणूक, मार्च २०२२ पासून तोवर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यात आरक्षणाची सोडत निघाली की जुना नगरसेवक शेजारच्या प्रभागात आणि इथे कोणीतरी नवीनच उभं. मग लोक चिन्ह बघतात, आडनाव बघतात, नाहीतर बिल्डिंगमधले काका सांगतील ते बटण दाबतात. चिन्ह बघण्यात चूक काहीच नाही, सभागृहात मतदान पक्षाच्या व्हिपवरच, म्हणजे पक्षाच्या आदेशानेच होतं. पण गटार तुंबल्यावर फोन पक्षाला नाही, त्या माणसाला करायचा असतो ना.

आधी आपला प्रभाग क्रमांक मतदार यादीत बघून घ्या. मग उमेदवाराचं गुन्हे, मालमत्ता सांगणारं शपथपत्र शोधा, अर्जासोबत ते द्यावंच लागतं. बरेच जण दिल्लीच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या ॲपवर शोधतात आणि काहीच सापडत नाही म्हणून सोडून देतात, अहो तिथे लोकसभा-विधानसभेचे उमेदवार असतात, पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांच्या किंवा पालिकेच्या साइटवर बघा. गुन्हे किती यापेक्षा कसले ते वाचा. मोर्चात जमावबंदी मोडली म्हणून दाखल झालेली केस वेगळी आणि खंडणीची वेगळी. कमाई कशातून आहे तेही बघा.

उमेदवार आधी नगरसेवक होता का? मग प्रजा फाउंडेशन या संस्थेने काढलेली नगरसेवकांची प्रगतीपुस्तकं बघा, हजेरी किती, प्रश्न किती विचारले, सगळं मिळतं.

सगळ्यात जास्त कळतं ते प्रचाराला दारात आले की. हात जोडून पत्रक देऊन निघतात तेव्हा थांबवा आणि एकच विचारा, "आमच्याकडे पाणी कमी दाबाने येतंय, वॉर्ड ऑफिसात कोणाकडे जायचं?" खरंच कामं केलेला माणूस लगेच सांगेल, जलकामे खात्याच्या इंजिनियरला भेटा, अर्जाची पोच घ्या. बाकीचे म्हणतील, "निवडून द्या, बघून घेऊ." मेट्रो आणतो, लोकल वाढवतो असं कोणी बोललं तर ते नगरसेवकाच्या हातातच नाही हे त्यांच्या तोंडावर सांगा. नाले, रस्ते, पाणी, दवाखाने, पालिकेच्या शाळा, यावर बोलायला लावा.

सोसायटीचे सेक्रेटरी, बचत गटाच्या ताई, वॉर्ड ऑफिसला सतत खेपा घालणारी माणसं यांना विचारा, पावसात पाणी भरलं तेव्हा कोण आलं होतं. मंडळाला वर्गणी कोणी दिली हे मला तरी महत्त्वाचं वाटत नाही.

आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, तिथे बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा असला म्हणून बाईंना लगेच बाद करू नका. पाण्याचा तोच प्रश्न त्यांनाच विचारा, आणि साहेब मधे बोलायला लागले तर सरळ म्हणा, "थांबा दादा, ताईंना बोलू द्या."