चेहरा मागाहून, आधी हात बघा

एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. प्रेमाची किंवा सौंदर्याची देवी चित्रात ओळखायची कशी, असं मुलं विचारायची. मी म्हणायचे, चेहऱ्यावर हात ठेवा आणि मग बघा. चेहरे सगळ्यांचेच देखणे काढलेले असतात, त्यावरून काही कळत नाही.

आमच्या माजघरात आजेसासूबाईंच्या वेळची रविवर्म्याची लक्ष्मी आहे, काच तडकलेली. (रविवर्म्याचा छापखाना पुढे मळवलीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात आला होता.) वरच्या दोन्ही हातांत कमळं, शेजारी हत्ती, पायाखाली पाणी. आता मोबाइलवर इटालियन चित्रकार बॉटिचेल्लीची व्हीनस, म्हणजे रोमन लोकांची प्रेमदेवी, काढा, साधारण १४८५ची, फ्लॉरेन्सला आहे. कमळाच्या जागी शिंपला, पाणी तेच. एक मंथनातून आलेली, दुसरी समुद्राच्या फेसातून. पण हिचे हात रिकामे, अंग झाकणारे. ती लाजरी ढब ग्रीक शिल्पांपासून चालत आलेली आहे.

पोपट दिसला की घाई करू नका. मी एकदा फळ्यावर ‘रती’ लिहून मोकळी झाले. ती निघाली मदुरेची मीनाक्षी! तिच्या हातातही पोपट असतो. कामदेव-रतीला पोपट बसायला लागतो, आणि जवळ उसाचं धनुष्य हवं.

हातच नसतील तर? मिलोची व्हीनस ही ग्रीक मूर्ती १८२०मध्ये सापडली, हात नाहीत. मग ती ॲफ्रोडाइटी (ग्रीकांची व्हीनस) की समुद्रदेवी ॲम्फिट्राइटी, हा वाद झालाच.

सरावाला पुण्यात शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात जा. (शुक्र तिकडे व्हीनस, आपल्याकडे दैत्यांचा गुरू!) मूर्तींकडे वळण्याआधी पाय घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे नीट बघून घ्या, जमल्यास वहीत काढा. शृंगाराचं सामान डोळ्यांत बसलं की इटलीतल्या पाँपेईत १९३८मध्ये सापडलेल्या हस्तिदंती बाईचा फोटो बघा. आधी तिला लक्ष्मी म्हणत. पण कमळ कुठाय? ती दागिना चाचपतेय, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. आता तिला यक्षी म्हणतात. तशीच मोडकी हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनच्या उत्खननातही निघाली होती, जालना जिल्ह्यात.