राधानगरीचा तलाव एका दिवसात: निघण्याआधीची तयारी

पिशवी भरायला घेण्याआधी कॅलेंडर बघा. कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरीचं धरण एकच, पण त्यामागचा लक्ष्मी तलाव वर्षातून तीनदा तरी रूप बदलतो, आणि तयारी त्या रूपाप्रमाणे करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये जाणारा दरवाजे बघायला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्याला पाणी आणि जंगल हवं असतं. एप्रिल-मेमध्ये जाणारा पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर गवे दिसतील या आशेवर असतो. तिन्ही एका फेरीत बसवायच्या नादाला लागू नका. घरातल्या मंडळींना आधीच विचारा, आपण नेमकं काय बघायला चाललोय? निम्मं सामान तिथंच कमी होतं. माझं मत विचाराल तर डिसेंबर. पण आपल्याकडं धरण भरल्याची बातमी आली की गाड्या आपोआप तिकडं वळतात, म्हणून पावसाळ्यापासूनच सुरुवात करू.

पावसाळ्यात पहिली तयारी सामानाची नाही, बातम्यांची. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा बघा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पातळी इशाऱ्याकडं सरकत असेल तर बेत सरळ पुढं ढकला. राधानगरीचं धरण ज्या भोगावती नदीवर आहे, ती याच पंचगंगेला मिळते. त्यामुळं तिकडं बघण्यासारखं जितकं जास्त, तितका इकडं परतीचा रस्ता बेभरवशाचा. दुसरी गोष्ट, मोबाईलमधला नकाशा कधीकधी जवळची वाट म्हणून एखाद्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून नेतो. हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो. वाशी, हळदी, परिते असा मोठा रस्ता सोडू नका. शंका आली तर गाडी थांबवून बांधावरच्या एखाद्या मामांना विचारा, ते सकाळीच तिकडून वैरण घेऊन आलेले असतात.

आता ज्या दरवाजांसाठी एवढी धावपळ, त्यांच्याबद्दल. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपसूक उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कुणी बटण दाबायला लागत नाही. म्हणूनच ‘किती वाजता उघडणार?’ हा प्रश्न तिथल्या माणसांना विचारण्यात अर्थ नसतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी बाहेर पडतं, आणि सातही उघडले की किती, हा हिशेब पोरांना गाडीत घालायला चांगला आहे. धरणाची साठवण ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट). दूधगंगेवरच्या काळम्मावाडीच्या २५.३९ टीएमसीपुढं हा आकडा लहान वाटतो, पण सात दरवाजे ओळीनं धो धो वाहताना कुणाला ते आठवत नाही. भिंतीवर जायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, तेव्हा पाहुण्यांना ‘भिंतीवरून फिरवून आणतो’ असं आधीच सांगून बसू नका. लांबून, सुरक्षित जागेवरूनच बघायचं. धरणाजवळच्या फेजिवडे गावाच्या बाजूला गर्दीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं अवघड, म्हणून सकाळी नऊच्या आत पोचता येईल असं बघा.

पावसाळ्याच्या सामानात छत्री घेऊ नका. तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते आणि मग दिवसभर तिलाच सांभाळावं लागतं. रेनकोट घ्या. माणशी कपड्यांचा एकेक जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, टॉवेल, चप्पल वेगळी. पायात रबरी तळव्याचे, दात असलेले बूट. राऊतवाडीच्या धबधब्याला जायचं असेल तर ते लागतातच, कारण शेवाळलेल्या दगडावर भारी कंपनीची सॅंडलसुद्धा घसरते. जळवांसाठी मिठाची पुडी नाहीतर तंबाखू खिशात ठेवा आणि पँटची टोकं मोज्यात खोचा. जळू दिसली की ओढून काढू नका, मीठ लावा, ती सोडते. मोबाईल पिशवीत बंद, आणि पाण्याकडं पाठ करून सेल्फी काढणारा एखादा भाचा गटात असेलच, त्याच्यावर एका मोठ्या माणसाची नेमणूक करा. पावसाळ्यात राधानगरीपुढच्या दाजीपूरच्या अभयारण्याचं फाटक पर्यटकांसाठी बंद असतं. त्यामुळं ‘तसंच पुढं दाजीपूरला जंगलात जाऊ’ हे यादीतून आत्ताच खोडा.

हिवाळ्यात जाणार असाल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूरपासून राधानगरी सुमारे ५० किलोमीटर, दाजीपूर सुमारे ८०. अंतर फार नाही, पण हा उसाच्या गळिताचा हंगाम. परित्याला भोगावती कारखान्याच्या अलीकडं-पलीकडं ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या लागतात, आणि त्यांच्या मागं दिवा असेलच असं नाही. म्हणून अंधारात निघण्यापेक्षा फटफटीत व्हायच्या बेतानं, सहाच्या आसपास रंकाळा सोडा. पेट्रोल कोल्हापुरातच भरा. टायरमधली हवा, स्टेपनी आणि जॅक आदल्या संध्याकाळी तपासा. दुचाकीवर जाणाऱ्यांनी स्वेटरवर विंडचीटर, हातमोजे आणि कानटोपी. नदीकाठच्या धुक्यात बोटं अशी गारठतात की ब्रेक लागत नाही. एसटीनं जाणार असाल तर रंकाळा स्टँडवर आदल्या दिवशी जाऊन जाण्यापेक्षा येण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक नीट विचारा. राधानगरीपर्यंत सोय होते, पण तलावाच्या कडेकडेनं हवं तिथं थांबायचं असेल तर स्वतःची गाडी बरी.

कारण खरी मजा राधानगरीच्या पुढं आहे. दाजीपूरकडं जाणारा रस्ता बराच वेळ तलावाच्या फुगवट्याला धरून चालतो. झाडीतून पाणी दिसतं, पुन्हा लपतं, एका वळणावर एकदम पसरून समोर येतं. इथं घाई केली तर मग आलात कशाला? या टप्प्याला दीड-दोन तास राखून ठेवा. दुर्बीण घ्या, साधी असली तरी चालेल. तलावातल्या उंचवट्यावर राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेली बेनझीर व्हिला आहे, आता पडक्या अवस्थेत. पाणी उतरेल तशी ती जास्त उघडी पडते. पाणी बघताना पोरांना सांगायची गोष्टही आधी वाचून जा. महाराजांनी हे धरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं, पैशाअभावी काम मध्येच थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले, आणि धरण पूर्ण झालं १९५७ मध्ये. राधानगरी हे नाव महाराजांच्या कन्येवरून पडलं, तलावाचं नाव महाराणी लक्ष्मीबाईंवरून. आज भोगावतीकाठी जो ऊस दिसतो, त्याला या पाण्याचा आधार आहे, आणि सकाळी ज्या ट्रॉल्यांना शिव्या घालत आलो त्यांतला ऊसही त्यातलाच.

पोहायचे कपडे घेऊ नका. तलावात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. काठ वरून सपाट दिसतो, पण आत गाळ असतो आणि खोली एकदम वाढते. हे सांगून ऐकणारे ऐकतात. न ऐकणाऱ्यांना दुसऱ्या गाडीत बसवू नका, आपल्याच गाडीत नजरेसमोर ठेवा.

दाजीपूरच्या जंगलात आत जायचं असेल तर ओळखपत्र, प्रवेश शुल्काचे सुटे पैसे आणि धीर, तिन्ही बरोबर ठेवा. १९५८ मध्ये हे गव्यांसाठी राखलं गेलं, राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं. पुढं हद्द वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला तेव्हा त्या यादीत तेही गेलं. आतले रस्ते मातीचे आणि दगडाचे आहेत. खाली घासणारी गाडी बाहेर ठेवा, स्थानिक जीप आणि वाटाड्या घ्या. वाटाड्याला पैसे देताना घासाघीस करणारे कोल्हापुरातल्या हॉटेलात एका थाळीला तेवढेच मोजतात, तेव्हा उगीच कंजुषी नको. तो सोबत असला की सावराई सड्यावर (खडकाळ पठारावर) कुठं उभं राहायचं, शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर, धनेश कुठल्या बाजूनं उडतो, हे कळतं. नाहीतर नुसती झाडं बघून परत यायचं. भडक लाल किंवा पांढरे कपडे टाळा; खाकी, मातकट, गडद हिरवे चालतील. अत्तर आणि सेंट घरी. ब्लूटूथ स्पीकर तर डिकीतही नको.

गवा समोर आला तर काय करायचं, हे गाडीत बसायच्या आधी सगळ्यांना सांगा. पायात पांढरे मोजे चढवल्यासारखा तो मोठा रुबाबात उभा असतो आणि शांत दिसतो, म्हणून माणसं फसतात. त्याची वाट अडवायची नाही, हॉर्न वाजवायचा नाही, खाली उतरायचं नाही. गाडी थांबवून इंजिन बंद करायचं आणि तो जाईपर्यंत बसून राहायचं. पिल्लू बरोबर असेल तर आणखी मागं सरकायचं. उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर दिसण्याची शक्यता जास्त. भर दुपारी जाऊन ‘काहीच दिसलं नाही’ म्हणण्यात हशील नाही. उन्हाळ्याच्या यादीत टोपी, माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं एवढी भर घाला, बाकी हिवाळ्यासारखंच.

जेवणाचं. घरून नेणार असाल तर ज्वारीच्या भाकरीपेक्षा दशम्या, धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, दुपारपर्यंत मऊ राहतात. खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा, दह्याचा घट्ट झाकणाचा डबा. मधल्या वेळेला भडंग आणि राजगिऱ्याचे लाडू. तांबडा-पांढरा तिकडंच खायचा असेल तर वाटेवरच्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगून ठेवा. अचानक दहा जण दारात उभे राहिले तर बिचाऱ्या मावशी कोंबडं कुठनं आणतील? जंगलात खायचं नाही आणि माकडांना घालायचं तर मुळीच नाही. उष्टं आणि कागद परत आणायला दोन रिकाम्या पोती घ्या, एक फाटतेच.

राधानगरी सोडली की मोबाईलची रेंज येते-जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, रोख पैसे जवळ ठेवा, आणि घरी एकाला सांगून जा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर समजायचं काय. औषधांच्या डब्यात पट्टी, जंतुनाशक, उलटीची गोळी आणि ज्याचं त्याचं रोजचं औषध. १०८ हा नंबर पाठ असला तरी रेंज असेल तिथपर्यंत यावं लागतं, हे ध्यानात ठेवून माणूस पडेल अशा जागी जाऊच नका.

दुपारी दोनच्या सुमाराला गटातला एकजण म्हणेल, ‘एवढं आलोय तर फोंडा घाट उतरून मासे खाऊन येऊ.’ त्याला आत्ताच नाही म्हणून ठेवा. घाट उतरला की तलाव संपला, दिवसही संपला, आणि रात्री पुन्हा चढून यायचं. त्यापेक्षा वेळ उरलाच तर काळम्मावाडीच्या बाजूनं मुदाळतिट्टा, बिद्री करत गारगोटी रस्त्यानं परत या. दूधगंगेचं पाणीही बघून होतं. दाजीपूरजवळचा शिवगड किल्ला चढायचा असेल तर मात्र हा वळसा सोडा, दोन्ही होत नाहीत. कुठल्याही वाटेनं आलात तरी चार वाजता गाडीची तोंडं कोल्हापूरकडं झालेली असावीत. चालवणाऱ्याला जेवणानंतर अर्धा तास झोपू द्या, आणि त्याच्या शेजारी बडबड करणारा माणूस बसवा, झोपणारा नको.