शेगडीवरची कोळंबी: आगळ अगदी शेवटी

माझं माहेर देवगडचं. तिथे कोळंबीला सुंगटां म्हणतात आणि ती आमटीत पडते, नाहीतर तळली जाते. निखाऱ्यावर भाजायला मी शिकले ते लग्नानंतर, डोंबिवलीच्या गच्चीवर. पहिल्या खेपेला लिंबू, मीठ, मसाला सगळं आदल्या रात्रीच लावून ठेवलं होतं. सकाळी डबा उघडला तर कोळंबी कडेने पांढरट पडलेली, आणि भाजल्यावर चिवट. विस्तवावर जायच्या आधीच आंबटाने ती अर्धी शिजली होती. तेव्हापासून आंबट, म्हणजे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मी शेवटी लावते.

किलोला ३० ते ४० बसतील एवढी मोठी कोळंबी घ्या. बारकी जाळीवर वाळून जाते. डोकं धडाला घट्ट हवं, कवच चकचकीत हवं. डोकं लोंबतंय, काळं पडलंय किंवा नाकाला झोंबणारा वास येतोय, तर पुढच्या पाटीकडे जा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा तळ्यात वाढवलेली वेनामी जातीची कोळंबी घ्या, तीही चांगली लागते. फ्रीझरमधली असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या, गरम पाण्यात टाकू नका.

अर्धा किलो साफ केली की निम्म्याच्या आसपास उरते. डोकी काढा (टाकू नका), कवच सोला, शेपूट तेवढी राहू द्या. पाठीवर सुरीच्या टोकाने उथळ चीर देऊन काळा दोरा उचला; अलगद ओढला तर अख्खा निघतो. धुऊन झाल्यावर जुन्या सुती पंच्यात गुंडाळून दाबा. हे काम मी घाईत कधीच उरकत नाही. ओल्या कोळंबीला मसाला धरत नाही आणि जाळीवर ती आपल्याच पाण्यात उकडते.

आता चहाच्या चमच्याच्या मापाने: अर्धा चमचा हळद, पाव चमचा मीठ, दोन चमचे आलं-लसूण वाटण (त्यात लसूण जास्त), दीड चमचा मालवणी मसाला, दोन चमचे घाण्याचं खोबरेल. हे चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये. मीठ मुद्दाम कमी आहे, कारण कोकमाच्या आगळात मीठ असतंच.

तोवर बांबूच्या काड्या पाण्यात भिजत घाला आणि शेगडी पेटवा, पण गच्चीवर किंवा अंगणातच. बंद घरात कोळशाचा वायू वास न येता जीव घेतो. कोळशावर राखेची पांढरी साय धरली की फ्रिजमधली कोळंबी काढून दोन चमचे आगळ चोळा. ओवून होईपर्यंत दहा मिनिटं जातात; तेवढं मुरणं पुरे. एका काडीवर ओवलेली कोळंबी उलटताना गिरकी घेते, म्हणून दोन काड्या समांतर घाला, एक मानेकडून, एक शेपटीकडून.

जाळीला तेलाचा बोळा फिरवा. निखाऱ्यापासून चार बोटं वर ठेवलेली काडी एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दीड. इथे घड्याळापेक्षा डोळा महत्त्वाचा. चीर दिलेली पाठ उमलते, राखाडी मांस कडेकडून केशरी-पांढरं होत मध्यापर्यंत येतं. पाठीच्या सर्वांत जाड भागात काचेसारखा झिरझिरीतपणा उरला नाही की त्याच क्षणी उतरवा. ताटात घेतल्यावरही आतल्या उष्णतेने ती थोडी शिजतेच. काडीवर वाकडी होते ते बरोबर, पण गच्च वेटोळं झालं तर उशीर झाला.

गच्ची नसेल तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा आणि चार-पाच कोळंब्याच एका वेळी टाका. जास्त टाकल्या की तवा थंड होतो, पाणी सुटतं. धुराचा वास येणार नाही, पण चव येते.

आणि ती डोकी: थोड्या खोबरेलात लाल होईपर्यंत परता, उलथन्याने ठेचा, दोन पेले पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा. गाळून त्याच पाण्यात भात शिजवा आणि वर गरम कोळंबी ठेवा.