चवड्यांवर चालणारं स्वमग्न मूल : आधी घोटा तपासा, मग चाल

मूल नुकतंच चालायला लागलं की काही महिने टाचा उचलून, चवड्यांवर दुडदुडतं. त्यात वावगं काही नाही. दोन वर्षांच्या आसपास बहुतेकांची टाच आपसूक टेकायला लागते. बऱ्याच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचं तसं होत नाही. बूट घातले की टाच टेकते, अनवाणी झालं की उचलते. आनंद झाला की मूल पुन्हा चवड्यांवर आणि हात पंखांसारखे हलायला लागतात. कुणी पाय फाकवून चालतं, कुणाचे हात चालताना झुलत नाहीत, कुणाचं एक पाऊल लांब आणि पुढचं आखूड पडतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली या मुलांचं सविस्तर वर्णन केलं. त्यातही काहींची चाल बेंगरूळ आणि हाताची बारीक कामं मात्र सफाईदार, अशी नोंद आहे.

स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेपाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५ टक्के मुलं चवड्यांवर चालत होती किंवा आधी चालत असत. मेंदूच्या विकासाशी निगडित निदान असलेल्या किंवा विकासात मागे असलेल्या मुलांमध्ये हेच प्रमाण ४१ टक्के होतं. म्हणजे ही चाल अगदी नेहमीची आहे. पण नुसतं चवड्यांवर चालतं म्हणून मूल स्वमग्न ठरत नाही, आणि स्वमग्न आहे म्हणून प्रत्येक चवडेचाल 'त्यातलीच' असंही धरून चालायचं नाही.

पालकांचं लक्ष टाचेकडे असतं. ते घोट्याकडे वळवा, कारण उपचार घोट्यावरून ठरतो. घोटा मोकळा असेल तर चाल विचित्र दिसली तरी घाई नाही. घोटा आखडायला लागला असेल तर चाल बरी दिसत असली तरी थांबून चालणार नाही. पोटरीचा स्नायू सतत आखूड अवस्थेत राहिला की तो आणि त्याला टाचेशी जोडणारी टाचेमागची जाड शीर खरोखरच आखूड होतात. मग टाच टेकवायची इच्छा असूनही टेकत नाही. सवयीची चाल तिथे अडचण होऊन बसते.

आधी या गोष्टी नाहीत ना, ते बघा

पुढचं काही दिसलं तर व्यायाम सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आधी टाच टेकवून नीट चालणारं मूल नंतर चवड्यांवर आलं असेल. एकच टाच उचलली जात असेल. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल आणि पाय ताठ, कडक वाटत असतील. कमरेच्या खाली मधोमध केसांचा झुपका, खळगा किंवा गाठ असेल, किंवा शी-शूवरचा ताबा आलेला असून पुन्हा सुटला असेल.

आणखी एक गोष्ट मुलग्यांच्या बाबतीत आवर्जून बघा. मुलाला जमिनीवर बसवा आणि हाताचा आधार न देता उठायला सांगा. ते आधी ओणवं होऊन, मग हात गुडघ्यावर, मांडीवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठत असेल, पोटऱ्या भरदार असतील आणि जिना चढताना दमत असेल, तर सीपीके नावाची साधी रक्ततपासणी लगेच करून घ्या. ड्युशेन हा स्नायूंचा आजार चवडेचालीनेच सुरू झालेला दिसू शकतो. 'ऑटिझम आहे ना, म्हणून चालतो तसा' या एका वाक्यात तो वर्षभर दडून राहतो. त्यात पोटरी जोराने ताणणं हा उपचार नव्हे.

आठवडाभर नोंद

मोबाइल मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि एकदा बाजूने, एकदा मागून चालण्याचं चित्रण करा. 'नीट चाल' म्हणू नका, नाहीतर दिसेल ती सांगून चाललेली चाल. नंतर संथ गतीने बघून २० पावलं मोजा आणि त्यातल्या किती पावलांना टाच टेकली ते लिहा. सोबत चार गोष्टी लिहा : बूट होते की अनवाणी, जमीन कसली होती (गार फरशी, गवत, चटई), मूल शांत होतं की उत्तेजित, सकाळ होती की संध्याकाळ. गार फरशीवर २० पैकी २ आणि चटईवर २० पैकी १४ असं निघालं, तर तळपायाला होणारा स्पर्श हे मोठं कारण आहे. सगळीकडे २० पैकी ० असेल तर घोटा आजच तपासा.

बूट-चपलाही बघा. पुढचा भाग झिजलेला आणि टाच नव्यासारखी, हा पुरावा चित्रणापेक्षा जुना असतो.

घोटा कसा तपासायचा

मूल उताणं झोपलेलं, निवांत असू द्या. झोपेत तपासलं तरी चालतं. गुडघा सरळ. तुमच्या तळहाताच्या वाटीत त्याची टाच घ्या. टाच किंचित आतल्या बाजूला वळवून तिथेच धरा, आणि मग तुमच्या हाताच्या कोपराकडच्या भागाने तळपाय सावकाश वर, नडगीकडे न्या. जिथे अडेल तिथे थांबा. पायाची बाहेरची कड आणि नडगी यांत काटकोन झाला का? कंपासपेटीतला गुण्या शेजारी धरला की लगेच कळतं. आता गुडघा वाकवून हेच करा.

गुडघा सरळ असताना पाय काटकोनाच्या पुढे निदान १० अंश जायला हवा, कारण पाऊल टेकल्यावर शरीर त्यावरून पुढे जाताना घोट्याला तेवढी जागा लागते. गुडघा वाकवल्यावर छान वर जातो पण सरळ ठेवल्यावर अडतो, तर पोटरीचा वरचा, गुडघ्याच्या वर चिकटलेला स्नायू आखडला आहे. दोन्ही वेळा अडला तर खालचा स्नायू आणि शीरही आखूड झाली आहे. अंश बिनचूक मोजायचं काम फिजिओथेरपिस्टचं. घरी 'काटकोनाच्या बराच पुढे', 'जेमतेम काटकोन' आणि 'काटकोनापर्यंतही नाही' एवढे तीन शेरे पुरेत.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे टाच मोकळी सोडून नुसता चवडा दाबणं. मग घोटा हलतच नाही, पाऊल मधोमध वाकतं, कमान खाली बसते आणि 'गेला की वर!' असं वाटतं. असंच रोज ताणलं तर पाऊल सपाट होतं आणि पोटरी होती तेवढीच आखूड राहते. टाच आत वळवून धरायची ती याचसाठी : त्याने पावलाच्या मधल्या सांध्यांना कुलूप लागतं. उभं करून तपासतानाही हीच फसगत होते. पंजा बाहेर फिरवून किंवा गुडघा मागे ढकलून मूल टाच टेकवून दाखवतं.

रोजचे व्यायाम

ताण द्यायची पद्धत तपासणीचीच. जिथे अडतं तिथे ३० सेकंद धरून ठेवा, झटके देऊ नका. गुडघा सरळ ठेवून ३ वेळा, वाकवून ३ वेळा, दोन्ही पायांना, सकाळ-संध्याकाळ. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर स्नायू सैल असतो. ३० आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे शेवट कधी येणार ते मुलाला कळतं. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाला हा शेवट कळणं फार मोलाचं आहे. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श बहुतेकांना नकोसा होतो, पूर्ण तळहाताची घट्ट पकड चालते. मूल रडून पाय ओढत असेल तर तिथेच थांबा. धरून-बांधून दिलेल्या ताणात स्नायू उलट आवळतो.

ताणापेक्षाही जास्त उपयोग दिवसभरातल्या हालचालींचा होतो. उकिडवं बसणं हा पोटरीचा आपल्या घरातलाच व्यायाम. कमोडच्या सवयीने तो सुटत चालला आहे. टाचा टेकवून बसता येत नसेल तर टाचांखाली सतरंजीची जाड घडी द्या आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. उकिडवं बसून ठोकळे रचणं, मटार सोलणं, कुंडीला पाणी घालणं, जे आवडेल ते. इमारतीच्या पार्किंगचा उतार चढणं, जिथे पाऊल रुतून टाच आपोआप खाली जाते अशा मऊ वाळूत चालणं, तळवे आणि पाय टेकून अस्वलासारखं चालणं, हेही चांगलं. नडगीपुढचा स्नायू या मुलांत दुबळा राहतो. खुर्चीवर बसवून पावलावर १०० ग्रॅम तांदळाची पुरचुंडी ठेवा आणि टाच न उचलता ती वर उचलायला सांगा, १० वेळा. मग १० पावलं नुसत्या टाचांवर.

चालायला निघण्याआधी तळपाय दोन्ही हातांनी एक मिनिट घट्ट दाबा, किंवा गादीवर पूर्ण पाऊल टेकत १० उड्या मारू द्या. त्याने पायाला जमिनीची खबर नीट लागते. खडबडीत पायपुसणं, काथ्याची चटई, गवत यांतलं काय हवं ते मुलाला निवडू द्या.

टाचेत शिट्टी असलेले चूं-चूं वाजणारे बूट खरंच उपयोगी पडतात, कारण टाच टेकली तरच आवाज येतो. मात्र आवाजाने कान झाकणाऱ्या मुलाला ते देऊ नका.

एक विनंती कळकळीची. दिवसभर 'टाच टेकव, टाच टेकव' म्हणू नका. त्याने टाच टेकत नाही आणि चालण्याचीच धास्ती बसते. आनंदाने चवड्यांवर नाचणारं मूल नाचू द्या. घोटा मोकळा ठेवणं एवढंच आपलं काम आहे. चारचौघांत 'नॉर्मल' दिसणं हे मुलाच्या डोक्यावरचं ओझं होऊ नये.

बूट, पट्टा, प्लास्टर

बूट घोट्यापर्यंत उंच हवा. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर दबू नये, आणि तळ मधोमध वाकू नये, फक्त चवड्याशी वाकावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. 'पुढच्या वर्षीही येईल' म्हणून मोठा घेतला तर टाच आत उचलली जाते आणि बुटाचा उपयोग संपतो. आपल्याकडे घरात अनवाणीच वावरतो, म्हणजे दिवसाचे बरेच तास बूट नाहीच. म्हणून घरात घालायचा वेगळा, स्वच्छ जोड ठेवा.

घोट्याचा प्लास्टिकचा आधार, म्हणजे एएफओ, दिला असेल तर पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत न्या. आत शिवण नसलेला मोजा घाला. काढल्यावर उठलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो बनवणाऱ्याकडून घासून-वाकवून घ्या.

घोटा काटकोनापुढे जातच नसेल तर टप्प्याटप्प्याचं प्लास्टर लावतात : गुडघ्याखाली, चालता येईल असं, दर एक-दोन आठवड्यांनी बदलून, दर वेळी थोडा जास्त कोन, एकूण साधारण ४ ते ६ आठवडे. स्वमग्न मुलासाठी याची तयारी आधीच्या आठवड्यातच करा. प्लास्टरची पट्टी ओली करून हाताळू द्या, क्रमाने चित्रं दाखवा, कापणाऱ्या यंत्राचा आवाज मोबाइलवर हळू आवाजात ऐकवा. त्याचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं. कान झाकायला हेडफोन न्या. बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली तर त्याच रात्री दवाखाना गाठा. बोलू न शकणारं मूल 'दुखतंय' म्हणणार नाही. ते झोपेतून उठून बसेल, प्लास्टर आपटेल, पाय टेकायचं सोडेल. त्याला हट्ट समजू नका. प्लास्टर निघाल्यावर रात्रीचा आधार आणि व्यायाम सोडले तर काही महिन्यांत चाल पुन्हा जुन्या जागी येते.

स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर एक माहीत असू द्या. अन्य कारण नसलेल्या चवडेचालीवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लास्टरसोबत ते दिल्याने निकाल सुधारला नाही. शस्त्रक्रिया पक्क्या आखडलेल्या घोट्यासाठी. नेमका कुठला भाग लांबवणार, गुडघा सरळ आणि वाकवून किती अंश मिळाले, हे विचाराच. शीर गरजेपेक्षा जास्त लांबवली गेली तर मूल गुडघे वाकवून चालू लागतं, आणि ते दुरुस्त करणं मूळ दुखण्याहून अवघड.

कुठे जायचं

सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत, म्हणजे डीईआयसीत, या तपासण्यांची सोय असते. ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतात आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून चिठ्ठी घेता येते. स्वमग्नतेचं अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही बसतो.

घोट्याची तपासणी दर तीन महिन्यांनी करा आणि शेरा तारखेसह वहीत लिहा. वयात येताना हाडं भराभर वाढतात आणि स्नायू मागे पडतो, तेव्हा दर महिन्याला. 'बराच पुढे' असलेला घोटा 'जेमतेम काटकोन' झाला, की त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे जा.